गणवेशातले कॅमेरामन लढाई चुकवत नव्हते

दुसऱ्या महायुद्धाविषयीचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की अमेरिकी सैन्याने हॉलीवूडमधील तंत्रज्ञांची केलेली भरती ही ओळखीपाळखीच्या लोकांना आघाडीपासून दूर ठेवण्याची सोय होती. कॅमेरा काय, कोणताही शिपाई चालवू शकला असता. आणि या मंडळींनी आणलेले चित्रण स्टुडिओत रचलेले असल्यामुळे पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. यातली पहिली दोन विधाने चुकीची आहेत आणि तिसरे चुकीचे तर आहेच, शिवाय घातकही आहे.

भरती चुकवण्याचा आरोप वयाच्या साध्या हिशेबापुढे टिकत नाही. हॉलीवूडचे दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी छायालेखक, ध्वनिमुद्रक आणि संकलक गोळा करून नौदलासाठी राखीव पथक उभारायला सुरुवात केली, तेव्हा पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावरचा जपानी हल्ला घडायचा होता आणि अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. या पथकात आलेले छायालेखक जोसेफ ऑगस्ट यांचा जन्म १८९० चा; पन्नाशी उलटलेल्या या माणसाला सक्तीचे बोलावणे येण्याचा प्रश्नच नव्हता. खुद्द फोर्ड जून १९४२ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, प्रशांत महासागरातील मिडवे बेटावरील वीजघराच्या छतावरून जपानी हल्ल्याचे चित्रण करताना जखमी झाले. दिग्दर्शक विल्यम वायलर यांच्या चित्रण तुकडीतील हॅरोल्ड टॅनेनबॉम हे मूळचे ध्वनिमुद्रक. बॉम्बफेकी विमानाच्या घरघराटात ध्वनिमुद्रणाला वाव नव्हता, म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि एप्रिल १९४३ मध्ये फ्रान्सवरील मोहिमेतून ते परतले नाहीत. या माणसाला पळपुट्यांच्या रांगेत बसवणे मला सहन होत नाही.

सगळेच आघाडीवर गेले नाहीत, हे खरे. कल्व्हर सिटीतील हाल रोच स्टुडिओत वायुदलाचे चित्रपट पथक होते आणि तिथली बरीच मंडळी कॅलिफोर्नियातच राहिली. अभिनेते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांना तर अधू दृष्टीमुळे परदेशी पाठवताच येत नव्हते. पण याच ठिकाणी ट्रिक सीनच्या कारागिरांनी जपानी भूभागाची भलीमोठी प्रतिकृती उभारली आणि वैमानिकाला वरून जसे दिसेल तसे तिचे चित्रण करून ते बी-२९ या बॉम्बफेकी विमानांच्या चमूंना मोहिमेपूर्वी दाखवले जाई.

राहिला ‘कोणताही शिपाई’ हा मुद्दा. आघाडीवरचा नेहमीचा कॅमेरा म्हणजे चावी देऊन चालणारा ‘आयमो’. त्यात १०० फुटांचे रीळ बसे, जे सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने ६६ सेकंदांत संपे, आणि तेवढ्यातही स्प्रिंगला पुन्हा चावी द्यावी लागे. गोळीबार चालू असताना आडोसा शोधून रीळ बदलायचे, भिंग निवडायचे, उजेड डोळ्यांनीच जोखायचा आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्षणी कॅमेरा चालवायचा नाही हे ठरवायचे, ही सवयीने येणारी विद्या आहे. २५,००० फुटांवर तर पारा उणे ४० च्या आसपास जाई आणि कॅमेऱ्यातले वंगण थिजून यंत्र अडकण्याची धास्ती असे. ब्रिटनने कॅमेऱ्यासाठी सैन्यातील जवानांनाच निवडले हे मान्य. पण त्यांनाही आधी पाइनवुड स्टुडिओत शिकवावे लागले.

आता बनावटीचा आरोप. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी पर्ल हार्बरवरील चित्रपटात हल्ल्याचे बरेच प्रसंग प्रतिकृती वापरून नव्याने रचले, आणि दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या इटलीतील चित्रपटातही लढाईचा मोठा भाग मागाहून घडवून घेतलेला आहे. प्रेक्षकाला तसे सांगितले गेले नाही, ही गंभीर चूक होती आणि तिचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्यावरून सगळेच चित्रण खोटे ठरवले, तर २९ नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी नेत्यांवर खटला चाललेल्या न्यूरेंबर्गच्या न्यायालयात दाखवलेला नाझी छळछावण्यांचा चित्रपटही खोट्यात जमा होतो, आणि नेमके तेच काहींना हवे असते. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला छावण्या दिसत नाहीत, शपथपत्रे दिसतात. एक दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांचे. दुसरे नौदलाचे लेफ्टनंट रे केलॉग यांचे, जे युद्धापूर्वी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये चित्रपटांतील ट्रिकचेच काम करत. ८०,००० फूट फिल्ममधून निवडलेल्या ६,००० फुटांत कुठेही हातचलाखी केलेली नाही, असे त्यांनी तपासून शपथेवर लिहून दिले. फिल्मवर हात फिरवला असता, तर तो कुठे फिरला हे त्यांच्याइतके अचूक ओळखणारा माणूस फिल्मच्या धंद्याबाहेर कुठे मिळाला असता?