खुलासा : लिनक्समुळे टचपॅड जळत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय : 'लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की टचपॅड जळतो, नवा बसवावाच लागतो.' हे खरं नाही. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच लॅपटॉप चालवणारी प्रणाली. पोरांनो, घरच्यांच्या घामाचे पैसे एवढ्यावरून खर्चू नका.

बहुतेक वेळा टचपॅड ठणठणीत असतो. लिनक्समध्ये तो 'लिबइनपुट' नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतं, आणि त्यात नुसतं बोट टेकवून क्लिक करण्याची सोय बहुतेक टचपॅडवर मुळातच बंद असते. लिनक्सच्या काही प्रकारांमध्ये ती तशीच बंद राहते. बाण सरकतो, टॅप मात्र लागत नाही. माणसाला वाटतं, गेला! सेटिंग्जमध्ये माऊस-टचपॅडच्या पानावर 'टॅप टू क्लिक' सुरू करा. टाइप करताना टचपॅड गप्प होतो तेही मुद्दाम, तळहात लागून बाण उडू नये म्हणून.

बाणच हलत नसेल तर आधी कीबोर्डवरचं 'एफएन' (Fn) धरून टचपॅडचं बटण दाबून बघा. मग ताज्या उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, लॅपटॉप सुरू करा. तिथे चालला तर हार्डवेअर शाबूत; दोष जुन्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) किंवा सेटिंगमध्ये. तिथेही नाही आणि विंडोजमध्येही नाही, तरच आतली केबल सैल आहे का, हे दुकानात तपासून घ्या. तोवर साधा यूएसबी माऊस पुरतो.