अण्णांचा पाय आणि कट्ट्यावरचे डॉक्टर

काल रात्री सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कट्ट्यावर चहा तीनदा झाला तरी वाद मिटेना, विषय काय तर अण्णांचा पाय. दोन वर्षांत दुसऱ्यांदा सेल्युलायटिस, म्हंजे कातडीच्या आत जंतूंचा संसर्ग. गुडघ्यापर्यंत लालभडक, टरारून फुगलेला, मिरजेच्या डॉक्टरनी लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारून दिलेली, रेघेबाहेर गेलं की रात्र असली तरी या म्हणून. आता उतरलाय पण सूज काय पूर्ण जात नाय.

सुन्याचं मेडिकल, त्यामुळं पहिला मान त्याचा. म्हणे डाल्बाव्हॅन्सिन म्हणून अँटिबायोटिक इंजेक्शन हाय, 2014 ला अमेरिकेत आलं, एकदा शिरेतनं दिलं की आठवडाभर तरी काम करतंय, ॲडमिट नको काय नको. आपल्याकडं पण 2020 ला वोक्हार्टचं लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन आलंय, मेथिसिलिन औषधाला न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूला सुद्धा चालतंय.

पक्या उसळलाच. "लगा, मेथिसिलिन 1959 ला आलं आणि 1961 ला त्याला न जुमानणारा जंतू इंग्लंडमध्ये हजर! आणि अण्णांना पू कुठं झालता? बिनपुवाच्या सेल्युलायटिसला बहुतेकदा स्ट्रेप नावाचा जंतू असतोय, तो अजून साध्या पेनिसिलिननं मरतोय. मुंगी मारायला तोफ कशाला?"

पक्याचं मला पटलं, पण तो पण अर्धंच बोलत होता. औषधानं आलेलं जातं, परत येतं त्याचं काय? ऑस्ट्रेलियात 84 जणांवर एक चाचणी झालती, सगळ्यांचे पाय कायम सुजलेले आणि सेल्युलायटिस परत परत होणारा. निम्म्यांना घट्ट पट्ट्या-मोजे दिले. त्यांच्यात 15 टक्के लोकांना परत झाला, बाकीच्यांत 40 टक्के, एवढा फरक बघून चाचणी मधेच थांबवली. साधे मोजे! अर्थात पायाचा रक्तपुरवठा डॉक्टरला दाखवूनच घालायचे, नायतर भलतंच व्हायचं.

"मे महिन्यात मोजं तू घाल," अण्णा म्हणाले. "सांगलीत राहून मी हळद लावतो की."

"अवो अण्णा, जंतू कातडीच्या आत, हळद वर," सुन्या.

मग मी मोबाईलची बॅटरी लावून करंगळीची बेचकी बघितली. चिखल्या. कातडी पांढरी फटक, भिजलेल्या कागदासारखी, मधे चीर. जंतूला दार तिथनंच उघडं, आणि आम्ही तासभर इंजेक्शनवर भांडतोय! बेचक्या कोरड्या ठेवा, मलम लावा, एवढं तर पहिलं करा म्हटलं.

अण्णा हो हो म्हणत उठले. रात्रीची लाईट होती, उसाला दारं धरायला जायचं होतं. गमबूट घरीच.