सह्या घेऊन घेऊन थकलो आता

तिसऱ्यांदा तेच. गल्लीतल्या चेंबरमधून ड्रेनेजचं पाणी वर येतंय, शाळेची पोरं त्यातूनच जातात, म्हणून संध्याकाळी कामावरून आल्यावर दारोदार फिरून ६४ सह्या गोळा केल्या, वरच्या मजल्यावरच्या आजींनी थरथरत्या हाताने सही केली हो, आणि वॉर्ड ऑफिसात काय, तर आवक-जावकच्या टेबलावर पोच म्हणून एक शिक्का. संपलं. पंधरा दिवसांनी जा, साहेब साईटवर. महिन्याने जा, साहेबांची बदली झाली, नवीन अर्ज द्या. अहो पण जुना अर्ज गेला कुठे?

मग कोणीतरी म्हणालं लोकशाही दिनाला जा, म्हणजे लोकांच्या तक्रारी अधिकारी समोरासमोर ऐकतात तो दिवस, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. १५ दिवस आधी दोन प्रतींत अर्ज द्यायचा, तेही केलं. तर कळलं की तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाचीच लागते, नियमच तसा आहे! म्हणजे अख्ख्या गल्लीचा त्रास एकट्याच्या नावाने मांडायचा. इतक्या लोकांनी मिळून सांगितलं तर ते जास्त गंभीरपणे घ्यायला हवं ना, इथे उलटंच. डोकं फिरतं अक्षरशः.

आता माहिती अधिकारात टाकलाय, आमच्या अर्जावर काय कारवाई झाली एवढंच विचारलंय. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तोवर पोरं त्याच पाण्यातून शाळेत जाणार, काल शेजारची छोटी घसरून पडली त्यात.