शनिवारवाडा तोफांनी पडला नाही

सोलापुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर शनिवारवाड्याविषयीचा एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचा सारांश असा. पहिल्या बाजीरावांनी पुण्यात संपूर्ण दगडी, सात मजली वाडा बांधायला घेतला. तळमजला पुरा होताच साताऱ्याच्या लोकांनी शाहू महाराजांकडे तक्रार केली की दगडी वास्तू बांधण्याचा मान फक्त राजाचा आहे, म्हणून वरचे सहा मजले विटांचे करावे लागले. पुढे इंग्रजांनी नव्या तोफांचा मारा केला तेव्हा विटांचे सहाही मजले कोसळले आणि दगडी तळमजला तेवढा शाबूत राहिला. सेनापती बापू गोखले याच लढाईत दिल्ली दरवाजाशी लढता लढता पडले, आणि शेवटी सूड म्हणून इंग्रजांनी वाडा जाळला.

हा मजकूर पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मी मान्य करतो. पेशव्यांच्या वैभवाविषयीचा अभिमान आणि ते वैभव गेल्याचे दुःख त्यात आहे. परंतु त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि बापू गोखल्यांविषयीच्या चुकीमुळे तर खुद्द सोलापूर जिल्ह्याचा इतिहास पुसला जातो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम सात मजली दगडी वाड्याची गोष्ट घेऊ. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी, तीही शनिवारीच. या दोन वर्षांच्या कामाचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. त्या काळच्या रुपयाचे मोल कितीही मोठे धरले, तरी एवढ्या पैशात आणि एवढ्या अवधीत सात मजली दगडी राजप्रासादाचा पाया घालून वरचे मजले चढवता येत नाहीत. बाजीरावांनी बांधला तो राहण्याचा आणि कारभाराचा आटोपशीर वाडा होता. आपण आज ज्याला शनिवारवाडा म्हणतो तो त्यांच्या मुलाने, म्हणजे नानासाहेबांनी आणि नंतरच्या पेशव्यांनी वाढवत नेलेला वास्तुसमूह आहे. गणपती रंगमहाल १७५५ मधला, म्हणजे नानासाहेबांच्या काळातला. हजारी कारंजे बाल सवाई माधवरावांसाठी केलेले. चौकामागून चौक आणि महालामागून महाल उभे राहत गेले. त्यांतली एक इमारत सात मजली होती आणि तिच्या गच्चीवरून आळंदीच्या ज्ञानेश्वर मंदिराचे शिखर दिसे, असे परंपरेने सांगतात. पण एका इमारतीची उंची साऱ्या वाड्याला लावणे बरोबर नाही.

आता शाहू महाराजांच्या मनाईचा मुद्दा. वाड्याच्या बांधणीवरून साताऱ्यास नाराजी होती, विशेषतः उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीच्या दिशेने तोंड करून वेस काढण्यास महाराजांचा आक्षेप होता, अशी आख्यायिका जुनी आहे. भोवतीचा तट नानासाहेबांच्या काळात पुरा झाला, एवढे खरे. पण ‘दगड राजाचा, वीट पेशव्याची’ असा नियम मानला, तर त्या काळच्या घरबांधणीची साधी रीतच नजरेआड होते. घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, तुळया आणि सरे, आणि खणाखणांमध्ये विटांच्या भिंती, ही देशावरच्या वाड्याची नेहमीची बांधणी होती. सरदाराचा वाडा असो की सावकाराचा, खाली दगड आणि वर लाकूड-वीट हेच दिसते. आपल्या पंढरपूरचे जुने वाडे पाहिले तरी ते ध्यानात येईल. प्रतापसिंह महाराजांनी पुढे साताऱ्यात बांधलेल्या राजवाड्यातही सागवानी खांबच आहेत, आणि तिथे तर राजाला कोणी मनाई करणारे नव्हते. शनिवारवाड्यासाठी सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आला, असे सांगतात. या तीन जिनसांमध्ये सागवान पहिले आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे जे घडले त्याचे कारण तेच आहे.

मजकुराचा कणा म्हणजे तोफांचा मारा, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. मराठी फौजेचे नेतृत्व बापू गोखल्यांकडे होते आणि समोर रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन याच्या बाजूचे सैन्य होते. संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे त्याचे निवासस्थान, मराठ्यांनी जाळली, पण लढाईचा निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही. पुढे इंग्रजांच्या जनरल स्मिथची फौज पुण्याजवळ आली, १६ नोव्हेंबरला येरवड्याच्या बाजूला चकमक झाली आणि दुसरे बाजीराव पुणे सोडून निघून गेले. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांनी शहराचा ताबा घेतला आणि शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण चढले. वाड्याला वेढा पडला नाही, तटाला खिंडार पडले नाही, वाड्यासाठी लढाईच झाली नाही. निशाण चढवण्याचे काम बाळाजीपंत नातू यांनी केले, म्हणजे ते एका मराठी माणसाच्या हातून झाले. तोफांच्या कथेत ही बोचणारी गोष्ट सोयीस्करपणे गळून पडते. ती कथा इतकी आवडण्याचे हेही एक कारण असावे, असे मला वाटते. लढून गेलेला वाडा मनाला सोसतो, मोकळा सोडून दिलेला सोसत नाही.

ज्यांना लिखित इतिहासावर विश्वास नसेल त्यांनी पुण्यास गेल्यावर तटाकडे नीट पाहावे. त्याचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे, आणि तो विटांचा भाग आजही उभा आहे. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना उभा आहे. दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळेही जागच्या जागी आहेत. तोफांनी आतले सहा मजले जमीनदोस्त केले असते, तर त्या गोळ्यांच्या वाटेत पहिल्यांदा येणारा विटांचा तट आणि दर्शनी नगारखाना कसा वाचला असता? खाली दगड आणि वर वीट असा हा तट पाहूनच कोणीतरी ‘खालचा मजला दगडी, वरचे विटांचे’ ही कल्पना रचली असावी.

मग आतले महाल कुठे गेले? ते आगीत गेले. फेब्रुवारी १८२८ मध्ये, म्हणजे निशाण चढल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने, वाड्यात मोठी आग लागली आणि ती सात दिवस चालली असे सांगतात. खांब, तुळया, तक्तपोशी, नक्षीदार छत, सगळे सागवानाचे; ते जळाल्यावर वरचा भार खाली आला आणि जोती, कारंज्यांचे हौद, तट आणि दरवाजे एवढेच मागे राहिले. ही पहिलीच आग होती असेही नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या अमलातच १८०८ आणि १८१२ मध्ये वाड्यात आगी लागल्या होत्या. पेशव्यांचा पुण्यातला बुधवारवाडा १८७९ मध्ये जळून नाहीसा झाला आणि त्याच वेळी विश्रामबागवाड्याचा दर्शनी भागही जळाला. लाकडी वाड्यांचा शत्रू विस्तव होता.

इंग्रजांनी सूड म्हणून वाडा जाळला, या विधानाला आधार नाही. १८२८ मध्ये वाडा त्यांच्याच ताब्यात आणि वापरात होता. त्यात कैदी आणि रुग्ण ठेवले जात. स्वतःच्या वापरातली इमारत दहा वर्षांनी सुडापोटी जाळण्याचे कारण दिसत नाही. याचा अर्थ त्यांनी वाड्याची कदर केली असा मुळीच नाही. ज्या दिवाणखान्यांतून अटकेपर्यंतच्या मोहिमांचा कारभार चालला तिथे तुरुंग भरवणे हा अपमानच होता, आणि जळाल्यानंतर त्या जागेची नीट साफसफाई व उत्खनन व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. इंग्रजांवर आरोप करायचा तर हा करावा; तो खरा आहे.

राहता राहिले बापू गोखले, आणि इथे सोलापूरकर म्हणून मला थोडे अधिक सांगायचे आहे. बापू गोखले दिल्ली दरवाजाशी पडले नाहीत. पुणे सोडल्यानंतर तीन महिने पेशव्यांची फौज इंग्रजांना हुलकावण्या देत फिरत होती, आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीजवळ स्मिथच्या घोडदळाने तिला गाठले. बाजीराव निसटले. मागे राहून सामना दिला तो बापू गोखल्यांनी, आणि तिथेच ते ठार झाले. छत्रपती प्रतापसिंह महाराज त्याच दिवशी इंग्रजांच्या हाती आले. मराठी राज्याचा सेनापती जिथे पडला ती जागा मोहोळ तालुक्यात आहे, आणि तिच्या शेजारच्या गावांत राहणारी माणसे तो मृत्यू पुण्यात घडल्याचे एकमेकांना पाठवत आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तोफांचा मारा झाला तोही आपल्याच गावात. बाजीरावांच्या पळात साथ देऊ न शकणारे पायदळ आणि तोफा सोलापुरात मागे राहिल्या होत्या, आणि त्यांचे प्रमुख होते गणपतराव पानसे; पेशव्यांचा तोफखाना पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे होता त्या पानसे घराण्यातले. इंग्रजांचा जनरल मन्रो ९ मे १८१८ रोजी सोलापुरासमोर आला. १० मे रोजी त्याने पेठेवर हल्ला केला, दोन्ही बाजूंच्या तोफा चालल्या, आणि त्या लढाईत गणपतराव जखमी झाले. त्यानंतर सिद्धेश्वर तलावाच्या काठच्या भुईकोट किल्ल्यावर मारा सुरू झाला आणि १५ मे रोजी किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ३ जून रोजी दुसऱ्या बाजीरावांनी असीरगडाजवळ इंग्रज सेनानी माल्कमपुढे शरणागती पत्करली, तेव्हा पुण्याचा शनिवारवाडा सगळ्या महालांनिशी अजून उभाच होता.