‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या मास्तरांना

एरवी मी प्रतिक्रियांना दोन ओळींत उत्तर देते आणि आभार मानून मोकळी होते. या प्रतिक्रियेला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी लिहिलेलं पुसून टाकलं, दुसऱ्या दिवशीचंही पुसलं. उरलंय ते जरा लांबलंय, म्हणून वेगळं देते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: गेल्या पंधरवड्यात मी सांगलीजवळच्या कुपवाड या चार भाषा बोलणाऱ्या गावात झालेल्या भाषासंशोधनावर लिहिलं होतं आणि तिथून बहुभाषिक वर्गात भाषा कशी शिकवावी या विषयाकडे गेले होते. त्यावर ‘एक शिक्षक, जत पूर्व’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी:

‘ताई, पुण्यात बसून छान लिहिलंय. कुपवाड कधी पाहिलंय का, की साहेबलोकांच्या पेपरातच वाचलंय? त्या चार भाषा टिकल्या त्या प्रेमाने नाही, जातीजातीचं पंगत-पाणी वेगळं होतं म्हणून टिकल्या. माझ्या वर्गात बत्तीस मुलं. घरी कन्नड, पुस्तक मराठी, बापाला हवंय इंग्रजी. तुमचं ‘सरमिसळ हेच वैभव’ त्यांना परीक्षेत किती मार्क देणार? आणि ‘बन्नी’ आमच्याकडे कुणी म्हणत नाही, ‘बर्री’ म्हणतात. अभ्यास वाढवा.’

नमस्कार मास्तर.

आधी ‘बर्री’, म्हणजे कन्नडमध्ये ‘या’. तुमचं बरोबर, माझं चुकलं. अज्जी दारात आलेल्या दोरवाल्याला ‘बन्नी, बन्नी’ म्हणून बोलवायची असं मी लिहिलं होतं. ‘बन्नी’ हे म्हैसूर-बंगळूरकडचं. आपल्याकडे, म्हणजे विजापूर-बेळगावपासून तुमच्या जतपर्यंत, ‘बर्री’च. लेख टाकण्याआधी बंगळूरच्या एका मैत्रिणीला वाचायला दिला होता, तिने ते ‘सुधारलं’ आणि मी मान डोलावली. चूक कबूल. कुणी चूक दाखवली की मी मान्य करते, हे इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहे.

पण ‘अभ्यास वाढवा’ हे काय आहे? एक शब्द चुकला तर ‘हा शब्द चुकला’ म्हणावं. ‘अभ्यास वाढवा’ हे वाक्य हल्ली फेसबुकवर कुणीही कुणाच्याही अंगावर फेकतं. ते फेकणाऱ्याला स्वतःला काही वाचावं लागत नाही, हीच त्याची सोय. तुम्ही शिक्षक आहात. वर्गात एखाद्या पोराने ‘बन्नी’ लिहिलं तर त्याला असंच म्हणता का? आणि सुरुवातीला ‘ताई’ म्हणून शेवटी टपली मारायची, ही ताई कुठली? त्यापेक्षा ‘अहो बाई’ म्हणाला असतात तर बरं वाटलं असतं.

आता ते वाक्य. ‘कुपवाड कधी पाहिलंय का?’

मास्तर, कुपवाड माझं आजोळ आहे. माझा जन्म मिरजेचा, १९६६ चा. वडील रेल्वेत. त्या काळच्या मिरज जंक्शनला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येऊन मिळायचे, आणि आमच्या क्वार्टर्समध्ये तेलुगू, तमिळ, कन्नड, मराठी सगळं एका नळावर भांडायचं. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलं की दखनी उर्दू कानावर पडायची. ख्वाजासाहेबांच्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत जे गाणं होतं, ते आईच्या मांडीवर झोपून ऐकलंय. सुट्टी लागली की सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसून कुपवाड. तेव्हा तिथे एमआयडीसीचा धूर नव्हता आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिका व्हायला वीस-पंचवीस वर्षं अवकाश होता. नुसतं गाव होतं.

अज्जीचं घर जैनांचं. घरात कन्नड, मळ्यातल्या गड्यांशी मराठी, बाजूच्या मुसलमान बायकांशी मोडकी उर्दू, आणि तिला कुणी विचारलं ‘तुला किती भाषा येतात’ तर ती म्हणायची, ‘भाषा कसल्या, बोलणं येतं.’ वर्षातून दोनदा दोरवाला यायचा, कासरे आणि सोल घेऊन. त्याच्या घरी तेलुगू. अज्जी ओसरीवर, तो खाली अंगणात, आणि अर्धा तास भाव चालायचा. उन्हाचा आलेला असायचा, म्हणून अज्जी तांब्याने वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची आणि तो मान वर करून हसायचा. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे. कुठल्या पेपरातून आलेलं नाही. तेव्हा ‘पाहिलंय का’ हा प्रश्न निदान मला विचारू नका.

आणि ‘साहेबलोक’. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ आणि त्यांचे सहलेखक रॉबर्ट विल्सन यांचा कुपवाडवरचा तो निबंध १९७१ सालचा. यातले गम्पर्झ १९२२ साली जर्मनीत एका ज्यू घरात जन्मले आणि नाझींच्या काळात त्यांना देश सोडावा लागला. एका भाषेतून उचलून दुसरीत फेकला गेलेला माणूस तो. पुढे बर्कलीत शिकवू लागले आणि भारतातल्या खेडेगावांत येऊन लोक एकमेकांशी कसं बोलतात हे टिपत राहिले. असा माणूस ‘साहेब’ या एका शब्दात निकालात निघतो का? (त्या निबंधात गावाचं नाव ‘कुपवार’ असं छापलंय. त्यावर हसायचं तर मीही हसले होते.)

त्यांनी काय दाखवलं ते पुन्हा सांगते, कारण तुम्ही लेख घाईत वाचलेला दिसतोय. तीनेक हजार वस्तीचं गाव. जैन आणि लिंगायत कन्नड बोलणारे, मुसलमान उर्दू, दलित आणि भूमिहीन मजूर मराठी, दोर वळणारे तेलुगू. शतकानुशतकं रोजचा व्यवहार एकत्र, त्यामुळे शब्द वेगळे राहिले पण वाक्याचा सांगाडा एक झाला. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नड वाक्यही त्याच क्रमाने, शब्दाला शब्द. लखनौचा उर्दूवाला ‘नदी आई’ म्हणेल, कुपवाडचा ‘नदी आया’ म्हणतो, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला बाई-पुरुष करत नाहीत आणि ती सवय उर्दूत उतरली. मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद प्रमाण उर्दूत नाही, कुपवाडच्या उर्दूत आला. माझी मामी ‘नदी आया’ ऐकून हसायची नाही, मिरजेहून आलेली मी हसायचे. म्हणजे अडाणी कोण होतं?

आणि हे काम फक्त परक्यांनी केलंय असंही नाही. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतरच्या कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला, २०१६ साली तो छापून आला. त्यात मूळ मांडणीची चिकित्सा आहे. ती माझ्या लेखात आली नाही हे खरं, पण ब्लॉग म्हणजे प्रबंध नव्हे.

जातीबद्दल. तुम्ही काही नवीन शोधून काढलेलं नाही. मूळ निबंधातच ते आहे: बाजारात, शेतावर सगळे एकत्र, पण घर ज्याचं त्याचं, आणि घरची भाषा टिकली ती त्या वेगळेपणाची खूण म्हणून. मराठी सगळ्यांना चालायची कारण ती गावातल्या वजनदार घरांपैकी कुणाचीच घरची भाषा नव्हती. मी लेखात याला ‘घर आणि बाजार यांतलं अंतर’ म्हटलं होतं. तुम्हाला तो शब्द गुळगुळीत वाटला असेल. असो. प्रत्येक लेख जातीवरच असला पाहिजे असा नियम नाही.

‘सरमिसळ हेच वैभव’ हे वाक्य अवतरणात टाकून तुम्ही माझ्या तोंडी घातलंय. ते माझं नाही. मी लिहिलं होतं, ‘सरमिसळ ही उणीव नव्हे’. या दोन्हींत फरक आहे, आणि भाषा शिकवणाऱ्याला तो कळायला हवा. ट्रान्सलँग्वेजिंग, म्हणजे वर्गात दोन भाषा एकत्र वापरणं, याचा अर्थ कसंही बोला असा नव्हे. वेल्समध्ये सेन विल्यम्स यांनी १९९४ च्या सुमारास ज्याला वेल्श भाषेत नाव दिलं ती पद्धत शिस्तीची होती: वाचायचं एका भाषेत, त्यावर लिहायचं दुसऱ्या भाषेत, आणि हे शिक्षकाने ठरवून करायचं. तुमच्या वर्गात कन्नडमध्ये गोष्ट ऐकवून ती मराठीत लिहून घेतलीत तर तुम्ही तेच करताय. कदाचित आधीपासून करतही असाल, पण मग मला टोमणा कशाला?

मार्कांचं मला विचारू नका, पेपर मी काढत नाही. ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांनी मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांचं ओडिशातल्या कोंध आदिवासी मुलांवरचं काम पाहावं. जमातीची कुई आणि राज्याची ओडिया अशा दोन्ही भाषा येणारी मुलं, नुसती ओडिया येणाऱ्या त्याच जमातीच्या मुलांपेक्षा बौद्धिक चाचण्यांत सरस निघाली. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून सांगतायत की घरच्या भाषेत पक्कं झालेलं वाचन-लेखन दुसऱ्या भाषेत वाया जात नाही. ओडिशाने २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं. आणि मायकेल बायरम यांचं १९९७ चं म्हणणं मी लेखात दिलंच होतं: भाषा शिकणाऱ्याचं ध्येय ‘मूळ भाषिकासारखं बोलणं’ हे नसावं, दोन माणसांच्या जगांमध्ये ये-जा करता येणं हे असावं. तुमच्या बत्तीस मुलांना ते येतं. घरी एक, शाळेत एक, बसस्टँडवर एक. इंग्रजी शाळेतल्या माझ्या भाच्याला येत नाही.

हो, मला कन्नड नीट येत नाही. हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत काढालच. समजतं, बोलताना अडखळते. आई आमच्याशी मराठीच बोलली. मिरजेत शाळा मराठी, आणि वडिलांचं म्हणणं होतं की पोरींचा गोंधळ नको. म्हणून पन्नास वर्षांनी ‘बन्नी’ आणि ‘बर्री’ यांत फसले. पण ज्याची भाषा हातातून निसटलीय त्याने त्या भाषेबद्दल लिहू नये, असा तुमचा नियम असेल तर तो मला मान्य नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. आधी मनात होतं.

दुरुस्ती करण्यापूर्वी खात्री करावी म्हणून काल आईला फोन केला. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे, कुपवाडचं सगळं लख्ख आठवतं. विचारलं, अज्जी दोरवाल्याला ‘बर्री’ म्हणायची ना गं? ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘बर्री पै-पावण्यांना. दोरवाल्याला कसलं बर्री? त्याच्याशी मराठीच. ये म्हणायचं, खाली बस म्हणायचं. कन्नड घरातली.’

लेखात तूर्त ‘बर्री’ केलं आहे.