हातात पाणी असताना

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात जुंपली. भाच्याने त्र्यंबकेश्वरच्या २०० रुपयांच्या ‘देणगी दर्शना’च्या पावतीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘देवाचा टोलनाका’. धाकटे काका उसळले. ‘आधी देवळं सरकारच्या तावडीतून सोडवा, मग बोला. चर्चला कुणी विचारतं का?’ पुढे नेहमीप्रमाणे तीस-चाळीस मेसेज, दोघांनी ग्रुप सोडला, एकाला परत घेतलं. मग कुणीतरी मला ओढलं: ‘तू जर्मनीत असतोस ना, सांग तिकडे काय पद्धत आहे.’

सांगतो. मात्र काकांना ते आवडेलच असं नाही, आणि भाच्यालाही नाही.

मी डॉर्टमुंडला राहतो. इथे पगाराच्या पावतीवर आयकराखाली आणखी एक ओळ असते, किर्खेनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर. नगरपालिकेत नाव नोंदवताना धर्म विचारतात. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत की तुमच्या आयकराच्या ९ टक्के रक्कम दर महिन्याला परस्पर कापली जाते. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के. वसुली सरकारचं कर खातं करतं आणि चर्चला पोचवतं. माझी ती ओळ कोरी असते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची नव्हती. एका जानेवारीत तो रजा टाकून इथल्या न्यायालयात गेला, ३० युरो भरले आणि चर्चमधून नाव काढून आला. धर्म सोडायलाही फी! मी हसलो, तो हसला नाही. त्याच्या आजीला अजून सांगितलेलं नाही म्हणाला. २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त लोकांनी कॅथलिक चर्च असं कागदोपत्री सोडलं. सगळेच करापायी नाही, अत्याचारांची प्रकरणं हे मोठं कारण होतं. पण पैसा बंद करणं हाच त्यांच्या हातातला निषेध होता.

तेव्हा ‘चर्चला कुणी विचारत नाही’ हे इथे तरी खरं नाही. सरकार चर्चचा वसुली कारकून आहे, आणि हा प्रकार मला काही फार पवित्र वाटत नाही. फरक एवढाच की कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेला शिरताना माझ्यासमोर कुणी हात पसरला नाही. बुरुजावर चढायचं तिकीट आहे, मेणबत्तीपाशी पेटी आहे. वेदीपाशी आकडा नाही.

आता आपल्याकडचं. गेल्या डिसेंबरात आईला घेऊन कुलदैवताला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, आईला पुन्हा तिथेच जायचंय. उंबऱ्यापाशी पोचलो तर गुरुजींच्या ताटात, हळदीकुंकवाच्या वाट्यांच्या मधोमध, पाचशेच्या तीन नोटा आधीपासून मांडून ठेवलेल्या. दहा-वीसची नोट पडली की ती लगेच मांडीखालच्या पिशवीत जाई. पाचशेच्या जागच्या हलत नव्हत्या. दरफलक लावायची गरजच नाही. शेजारी क्यूआर कोडही होता, त्यालाही कुंकू लावलेलं.

‘कुठून आलात?’ आईने कौतुकाने सांगितलं, मुलगा जर्मनीला असतो. मी मनात म्हटलं, संपलं.

गुरुजींनी माझ्या तळहातावर पळीभर पाणी घातलं, गोत्र विचारलं, संकल्प सुरू केला, आणि त्याच सुरात, श्वास न घेता, ‘महापूजा अकरा हजार’ म्हणून पुढे गेले. हातात पाणी असताना माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही. बोटांच्या फटीतून ते गळत होतं, मागून रांग रेटत होती, आई डोळे मिटून उभी. पाच हजारांवर तुटलं. देवीच्या डोळ्यांदेखत मी भाजीबाजारासारखी घासाघीस केली, आणि पावती मागायचं धाडस काही झालं नाही.

यावर काकांचं उत्तर तयार असतं: सरकार बाहेर गेलं की हे सुधारेल. इथे मला पंढरपूर आठवतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सरकार नव्हतं, बडवे होते, विठोबाचे वंशपरंपरागत पुजारी. त्या त्या दिवशी देवापुढे येणारं उत्पन्न गोळा करायच्या हक्काचा आपसात लिलाव व्हायचा. ज्याने बोली लावून दिवस विकत घेतला, तो वारकऱ्याकडून तो वसूल करणार हे उघड आहे. तक्रारी एवढ्या वाढल्या की १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, बडवे आणि रुक्मिणीचे पुजारी उत्पात कोर्टात गेले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर शिक्कामोर्तब केलं. चाळीस वर्षं लागली. ‘सरकारमुक्त’ देऊळ कसं असतं हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे, मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं आठवावं.

पण भाच्यालाही सोडत नाही. सरकार आलं म्हणजे देव सुटला असंही झालं नाही. शिर्डी, सिद्धिविनायक यांना स्वतंत्र कायदे आहेत, सरकारने नेमलेली विश्वस्त मंडळं आहेत, आणि त्या नेमणुकांत कुणाची सोय लावली जाते हे पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. शिर्डीत सशुल्क दर्शन आहे. तिरुपतीला ३०० रुपयांचं वेगळं तिकीट आहे, आणि एका न्यासाला १० हजार दिले की त्याहून जवळची सोय. हे सगळं पावतीसह, ऑनलाइन, नियमात बसवून. बडव्याला निदान शिव्या देता येत होत्या.

पैसे मागण्याला माझी तक्रार नाही. तेल, फुलं, झाडलोट, गुरवाचं पोट हे आकाशातून येत नाही. इथून चाळीसेक किलोमीटरवर हाम शहरात श्रीलंकेच्या तमिळ लोकांनी २००२ साली कामाक्षी अम्मनचं मोठं देऊळ उभारलं, कारखान्यांच्या वसाहतीत. त्यांना चर्चच्या करातला एक सेंटही मिळत नाही. निर्वासित म्हणून आलेल्या माणसांनी गोपुर उभं केलं, तिथे पैसे द्यायला मला कधी जड गेलं नाही. आमचं मराठी मंडळही गणपतीत जेवणाचे १५ युरो घेतं आणि वर ‘डबा आणू नये’ अशी सूचना लावतं. कुणी बाजारीकरण म्हणत नाही, सगळे फक्त मोदक किती मिळाले ते मोजतात.

माझी हरकत रांगेतली जागा विकायला आहे, आणि हिशेब न दाखवण्याला. इथल्याच लिम्बुर्गच्या कॅथलिक बिशपने स्वतःच्या निवासावर आणि परिसरावर ३ कोटी १० लाख युरो उडवले, त्यात एक १५ हजार युरोंचा बाथटब. बोंब झाली, चौकशी झाली, अहवाल सगळ्यांना वाचायला खुला केला, आणि मार्च २०१४ मध्ये पोपने त्याचा राजीनामा स्वीकारला. आपल्या विश्वस्त संस्थाही धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देतात. पण देवळाच्या दारावर, ‘चपला येथे काढाव्यात’च्या शेजारी, मागच्या वर्षीचा जमाखर्च लावलेला मी एकदाही पाहिलेला नाही. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या मात्र पायरीपायरीला.

शेगावला गेलो होतो तेव्हा रांगेत दोन तास लागले. सेवेकरी ‘माऊली, पुढे चला’ म्हणत होता, माझ्या पुढे एक ऊसतोड कामगार होता आणि मागे बंद गळ्याच्या कोटातला कुणी साहेब. साहेबाने घड्याळ बघितलं, पण रांग सोडली नाही. म्हणजे जमतं.

आता माझं. कुलदैवताच्या त्या दिवशी गुरुजी भेटायच्या आधीच मी खिडकीवर पास काढला होता. कारण सांगितलं, आईचे गुडघे. खरं कारण, संध्याकाळी पुण्यात रिसेप्शन होतं. बाजूच्या जाळीतून एक बाई कडेवर पोर घेऊन आमच्याकडे बघत होती. ती सकाळपासून उभी असावी. तीन आठवड्यांच्या सुट्टीत चार देवळं, दोन लग्नं, दात आणि बँक उरकणारे आम्ही परदेशातले लोक हे या पासांचं हक्काचं गिऱ्हाईक आहोत. घेणारा आहे म्हणून खिडकी उघडी आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही, आईला फोनवर सांगितलं. यंदा रांगेत उभं राहू म्हटलं, तुला खुर्ची देतील. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘रांगेत उभी राहीन मी. पण त्या गुरुजींना हिशेब विचारू नकोस हं. पूजा त्यांच्याच हातची व्हायचीय.’