सिंगल ओनर स्लिट लॅम्प

सोलापुरात डोळ्यांचा दवाखाना टाकताय? छान. आणि मशिनरी जुनीच घेणार म्हणता, हे तर त्याहून छान. फक्त एक करा, खरेदीच्या बाबतीत आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या नादी लागू नका. गड्ड्याच्या जत्रेत जनावरांच्या बाजारात खिलार खोंड घ्यायला आलेला माणूस आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो, दहा पावलं चालवतो, खुरं बघतो आणि मग भाव पाडायला बसतो. तुम्ही शिकलेले. तुम्हाला व्हॉट्सअॅपवर आलेले तीन फोटो पुरेत. त्यातल्या एका फोटोत मशीनवर चादर असली तरी हरकत नाही, चादर आपल्या गावचीच असते.

विकणारा सांगेल, "सिंगल ओनर आहे ओ सायब, लेडी डॉक्टरनं वापरलंय." स्कूटरच्या बाजारातून आलेलं हे वाक्य ऐकून मान डोलवायची. त्या मॅडमनी बारा वर्षं रोज साठ पेशंट तपासले का, असली चौकशी चांगल्या घरच्या माणसाला शोभत नाही.

स्लिट लॅम्प म्हणजे उजेडाची बारीक फट डोळ्यावर टाकून तो मोठा करून बघायचं यंत्र. स्विच दाबला, उजेड पडला, सौदा पक्का. फट बारीक करून तिच्या कडा सरळ येतात का, हे बघायला वेळ कुणाला आहे? डोळा लावल्यावर आत कोळ्याचं जाळं दिसलं तर घाबरू नका, ती बुरशी. दमट हवेत काचेवर धरते. "सोलापूरच्या उन्हात आपोआप मरंल की," असं विकणारा म्हणेल, आणि मेमध्ये पारा 42-43 ला गेला की मरेलही कदाचित. काचेवरचा लेप तिनं खाल्लेला असतो, तो तेवढा परत येत नाही. त्यानं काय बिघडतं? येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात थोडा थोडा मोतीबिंदू दिसायला लागेल. धंद्याला वाईट नाही.

ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे चष्म्याचा नंबर आपोआप काढणारं मशीन, थेट जपानमध्ये वापरलेला मिळाला तर सोडूच नका. तिकडे वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची. मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचायची गरज नाही, प्लग लावल्यावर वासावरून कळतं. मशीन इथलंच असेल तर छापील चिठ्ठीच्या माथ्यावर दुसऱ्याच गावच्या दवाखान्याचं नाव येईल आणि तारीख 2009 ची. येऊ द्या. पेशंटला वाटतं, डॉक्टरांची शाखा आहे. त्या मशीनसोबत माहीत असलेल्या नंबरचा एक नकली डोळा येतो, मशीन खरं बोलतंय का हे तपासायला. तो हरवलेला असतो. नेहमीच हरवलेला असतो.

डोळ्याचा दाब मोजायच्या टोनोमीटरचंही तेच. गोल्डमनच्या टोनोमीटरसोबत एक दांडी असते, तिच्यावर 0, 2 आणि 6 च्या खुणा. ती बसवून 0, 20 आणि 60 ला काटा बरोबर बोलतो का, हे दोन मिनिटांत कळतं. पण दांडी मागितली की विकणारा दुखावतो, आणि माणूस तोडून काय मिळवायचं? दाब साधारण 10 ते 21 मध्ये असला की बरा. मशीन चार-पाचने कमी दाखवत असेल तर सगळेच पेशंट बरे. काचबिंदूचा पेशंट बहुतेकदा दुखतंय म्हणून ओरडत नाही, नजर कडेकडेनं, गुपचूप जाते.

डोळ्याची लांबी मोजायच्या ए-स्कॅनबद्दल एवढंच, की त्यात 1 मिलिमीटरची चूक झाली तर मोतीबिंदू काढून आत बसवायच्या भिंगाचा नंबर साधारण अडीचने चुकतो. 1 मिलिमीटर म्हणजे कितीसं!

मी हे उंटावरून सांगत नाही. माझा चष्म्याचा धंदा आहे आणि मी स्वतः एक लेन्समीटर, म्हणजे चष्म्याच्या काचेचा नंबर मोजायचं यंत्र, असाच घेतला होता. रिकामा असताना तो शून्य दाखवायला हवा. मी रिकामा कधी बघितलाच नाही. त्याचं शून्य अधिक अर्ध्यावर होतं. एका यंत्रमाग कामगाराचा जवळचा नंबर अधिक 2 निघाला. लॅबनं काच बरोबर पाठवली, माझ्या लेन्समीटरवर अडीच दिसली. मी लॅबवाल्याला फोनवर फैलावर घेतलं, काच परत धाडली. त्यानं पुन्हा 2 चीच पाठवली, मी पुन्हा धाडली. तिसऱ्या वेळी कंटाळून त्यानं दीडची पाठवली. माझ्याकडे बरोब्बर 2 दिसली. लोकांना वठणीवर आणावंच लागतं, असं त्या दिवशी जेवताना मी घरी सांगितलं.

आठ दिवसांनी तो माणूस आला. चिडला नव्हता. म्हणाला, "सायब, हात लांब केला की धागा दिसलालाय. पर हात तेवढा लांब न्हाई ओ माझा."

चष्मा फुकट बदलून दिला. लॅबवाल्याला अजून फोन केलेला नाही.

असो. तुम्ही सामान जमवायला निघालाच आहात, तर माझ्याकडे एक लेन्समीटर पडून आहे. सिंगल ओनर, दुकानातच वापरलेला. फोटो पाठवतो. प्रत्यक्षच बघायचा असेल तर रात्री दुकान बंद करताना या, दिवसा आमच्याकडे उजेड फार असतो.